‘ब्लॅक ब्यूटी’मागची पार्श्वभूमी

‘ब्लॅक ब्यूटी’ ही एका घोड्याची कादंबरी आज मुलांच्या कपाटात ठेवली जाते. ॲना स्यूएल यांनी ती लिहिली मात्र घोडे सांभाळणाऱ्यांसाठी: मोतद्दार, गाडीवान आणि तबेल्यात राबणारी पोरं.

स्यूएल यांचा जन्म 1820चा, इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या ग्रेट यारमथचा. घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. चौदाव्या वर्षी शाळेतून परतताना पडून घोटे दुखावले आणि चालणं कायमचं अवघड झालं. तेव्हापासून बाहेर पडायचं तर तट्टाच्या गाडीतून, आणि ती गाडी त्या स्वतः हाकत. पुस्तकातली घोड्याची जाण इथून आलेली आहे.

पुस्तकातला सगळ्यात मोठा आरोप ‘बेअरिंग रेन’वर आहे. हाकायचा लगाम गाडीवानाच्या हातात असतो, तो सैल सोडता येतो. बेअरिंग रेन हा दुसरा पट्टा, तो तोंडातल्या सळईपासून डोक्याच्या बाजूने वर जाऊन पाठीवरच्या साजाच्या आकड्यात अडकवलेला असे. श्रीमंतांच्या बग्गीचा घोडा मान उंच करून दिसावा, एवढ्याचसाठी. चढावर ओझं ओढताना घोडा मान खाली घालून अंगाचं वजन पुढे टाकतो. मान बांधली की ते जमत नाही आणि सगळा ताण पाठीवर नि मागच्या पायांवर येतो. गळ्याशी श्वासनलिका दबते, तोंड सोलवटतं. कादंबरीतली उमराव मालकीण हा पट्टा एकेक भोक आवळायला लावते, तो भाग लेखिकेने घाई न करता रंगवला आहे. दुष्टपणापेक्षा हौस आणि अज्ञान जास्त छळतं, हे तिथे नेमकं कळतं.

लंडनच्या भाड्याच्या गाड्यांचा हिशेबही तितकाच चोख आहे. गाडी आणि दोन घोड्यांसाठी गाडीवानाने मालकाला द्यायचं भाडं हंगामात दिवसाला 18 शिलिंग (शिलिंग आणि पेनी ही तेव्हाची इंग्रजी नाणी). म्हणजे स्वतःचा पहिला पेनी मिळण्याआधी प्रत्येक घोड्याकडून 9 शिलिंग काढायचे. घोडा का झिजतो, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

1871 ते 1877 या आजारपणाच्या वर्षांत, नॉरिचजवळच्या ओल्ड कॅटनमध्ये हे लिखाण झालं. ताकद असेल तेव्हा त्या कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहीत, नाहीतर तोंडी सांगत. पक्की प्रत आई मेरी करत. आई स्वतः लेखिका होती. नॉरिचच्याच जॅरोल्ड या प्रकाशकांनी हक्क एकरकमी विकत घेऊन नोव्हेंबर 1877मध्ये पुस्तक काढलं. एप्रिल 1878मध्ये स्यूएल वारल्या.

अमेरिकेत 1890 साली प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध झटणाऱ्या बॉस्टनच्या जॉर्ज एंजेल यांनी परवानगी न घेताच ते छापलं आणि गाडीवानांत, तबेल्यांत फुकट वाटलं.