वेगमर्यादा मोडणाऱ्याला दंड द्यावा की वर्गात बसवावे?

ब्रिटनमध्ये ताशी ३० मैल मर्यादेच्या रस्त्यावर ३५ ते ४२ मैल वेगाने जाताना सापडलेल्या चालकाला पोलीस बहुधा दोन पर्याय देतात. एक, १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट, म्हणजे गुन्ह्याची नोंद. दुसरा, स्वतःच्या पैशाने काही तासांचा वेगविषयक वर्ग. एकदा वर्ग केला की तीन वर्षे पुन्हा ही सवलत नाही.

ताशी ३० मैल वेगातली गाडी थांबायला सुमारे २३ मीटर लागतात, ४० मैलांना ३६ मीटर. वाढलेल्या १३ मीटरमध्ये रस्ता ओलांडणारे कोणी असू शकते, म्हणून वर्गाचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासायलाच हवे.

तपासणे मात्र अवघड आहे. वर्ग निवडणारा चालक मुळातच सावध स्वभावाचा असेल, तर तो पुढे कमी वेळा सापडण्याचे श्रेय वर्गाचे नाही. शिवाय माणूस पकडला जातो तो बरेचदा त्याच्या नेहमीपेक्षा बेफिकीर काळात. नंतर काहीही न करता त्याचा वेग पुन्हा नेहमीवर येऊ शकतो. इथे उपयोगी पडते ती ४२ मैलांची सीमा. ४२ ने जाणारा आणि ४३ ने जाणारा यांच्या स्वभावात विशेष फरक नसतो, पण पहिल्याला वर्ग मिळू शकतो, दुसऱ्याला नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या अशा चालकांची तुलना बरीच न्याय्य ठरते.

इप्सॉस मोरी या संस्थेने ब्रिटिश परिवहन खात्यासाठी १३ पोलीस दलांकडच्या सुमारे २२ लाख चालकांच्या नोंदी अभ्यासल्या. २०१८ च्या अहवालानुसार, वर्गामुळे पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा सापडण्याचे प्रमाण १२ ते २३ टक्क्यांनी घटले. आकडा भरघोस वाटतो. पण एवढ्या काळात पुन्हा सापडणारे मुळातच थोडे, त्यामुळे प्रत्यक्षात हा फरक शंभर चालकांमागे एखाद-दोघांचा आहे. तरीही दंड आणि पॉइंटांपेक्षा वर्ग सरस ठरला, ही मला मोलाची गोष्ट वाटते.

जखमी करणाऱ्या अपघातांवर मात्र ठोस परिणाम दिसला नाही. त्यावरून वर्ग निरुपयोगी ठरत नाही. एकेका चालकाच्या वाट्याला असे अपघात इतके क्वचित येतात की लहानसा बदल आकड्यांत हरवून जातो. शिवाय 'सापडला नाही' म्हणजे 'वेगमर्यादा मोडली नाही' असे नव्हे, कॅमेरा कुठे आहे हेही माणूस शिकतो. म्हणून पुढच्या अभ्यासात पात्र चालकांपैकी कोणाला वर्ग आणि कोणाला दंड हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, आणि त्यांच्या संमतीने गाडीत बसवलेल्या उपकरणाने कॅमेरे नसलेल्या रस्त्यांवरचा वेग मोजावा.