सावरणं आणि सामोरं जाणं: व्यसनमुक्तीतले आघातावरचे दोन उपचार

दारू सुटली की झोप सुधारेल, असं घरच्यांना वाटतं. काहींचं उलटच होतं. वर्षानुवर्षं दारूखाली दाबलेला अपघात, बालपणीची मारहाण किंवा लैंगिक अत्याचार रात्री वर येतो. मग 'ट्रॉमा थेरपी', म्हणजे अशा आघातावरचा उपचार, सुचवली जाते. या नावाखाली दोन निराळे उपचार चालतात. आपल्यावर कुठला चाललाय हे विचारून घ्यावं.

एक सावरण्याचा. त्यातला 'सीकिंग सेफ्टी' बराच वापरात आहे: २५ विषय, गरजेप्रमाणे निवडून, गटात किंवा थेरपिस्टसोबत एकट्याने. घटनेचा तपशील इथे मुद्दाम सांगायचा नसतो. शिकायचं ते आजचं: तलफ आणि आठवण एकदम उसळली तर पाय जमिनीवर टेकवून समोरच्या वस्तूंची नावं मोठ्याने घेणं, पिणाऱ्या मित्राला नाही म्हणणं, मदत मागणं.

दुसरा सामोरं जाण्याचा, म्हणजे प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर. व्यसनावरच्या उपचाराशी जोडलेलं त्याचं 'कोप' हे रूप साधारण ९० मिनिटांच्या १२ सत्रांचं आहे. डोळे मिटून, वर्तमानकाळात, घटना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा सांगायची. रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. टाळलेल्या जागांना भीतीचे ० ते १०० गुण द्यायचे आणि मधल्या गुणांच्या जागेपासून जायला लागायचं. टाळल्याने भीती टिकते, हे यामागचं तत्त्व.

गटसभेत उठून सगळं सांगून टाकणं हा यातला कुठलाच उपचार नाही. भीती टोकाला पोचते, वेळ संपते आणि माणूस तसाच उसळलेला घरी जातो. वाटेत गुत्ता असतोच. प्रशिक्षित थेरपिस्ट सत्राची शेवटची पंधरा-वीस मिनिटं बोलून शांत होण्यासाठी राखून ठेवतो. रेकॉर्डिंगही पिण्याच्या जुन्या वेळेला ऐकू नये, सकाळी बरं. सत्राआधी झोपेची किंवा घबराटीची गोळी घेतली तर भीती बधिर होते आणि शिकणं घडत नाही. शिवाय बेंझोडायझेपिन गटातल्या अशा गोळ्यांची नवी सवय लागू शकते. मात्र रोजची गोळी मनाने एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात.

दारू थांबवल्यावरचे पहिले काही दिवस दोन्ही उपचार बाजूला. तेव्हा फिट आणि भ्रमाचा धोका असतो, तिथे डॉक्टरच हवेत. थरथर, घाम, निद्रानाश ही विथड्रॉवलची, म्हणजे दारू तुटल्यावरची, लक्षणं आघाताच्या लक्षणांसारखीच दिसतात, म्हणून काही आठवड्यांनी निदान पुन्हा तपासावं. सावरण्याची कौशल्यं डोकं ताळ्यावर येताच सुरू करता येतात.

"आधी वर्षभर कोरडं राहा, मग बघू" हा सल्ला मात्र जुना झाला. ऑस्ट्रेलियातल्या १०३ जणांवरच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 'कोप'ची जोड मिळालेल्यांची आघाताची लक्षणं नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त कमी झाली, व्यसन वाढलं नाही. एखादी स्लिप झाली, म्हणजे मध्येच एकदा पिणं झालं, म्हणून सत्रं तोडत नाहीत. नशेत आलात तर तेवढं सत्र पुढे ढकलतात. आत्महत्येचे विचार तीव्र असतील तर आधी सुरक्षितता, एक्स्पोजर नंतर. अशा वेळी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही लागतो.