किडनी स्कॅनच्या इंजेक्शनानं किडनी जात नाही

नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यांबाहेर बीपीच्या पेशंटला हमखास ऐकवतात, "किडनी स्कॅनचं इंजेक्शन घेऊ नका, रेडिएशननं किडनी जाते." हे साफ चूक आहे. सीटी स्कॅनच्या आयोडीनयुक्त डायनं किडनीला त्रास होण्याची भीती इथे उगाच चिकटवली जाते. या स्कॅनमध्ये टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेलं डीटीपीए नावाचं रसायन अत्यल्प मात्रेत शिरेतून देतात. किडनी ते गाळून लघवीत सोडते आणि त्यातून निघणारे किरण पकडणारा गॅमा कॅमेरा दोन्ही किडन्यांचं काम वेगवेगळं टिपतो. टेक्नेशियमची किरणोत्सर्गिता दर ६ तासांनी निम्मी होते. किडनीची धमनी अरुंद झाल्यानं बीपी चढतंय असा संशय असेल, तर कॅप्टोप्रिल ही बीपीची गोळी देऊन स्कॅन करतात. तेव्हा त्या बाजूची किडनी मंदावलेली दिसू शकते. गरोदर असाल तर आधी सांगा. बीपीच्या काही गोळ्या आधी थांबवतात, पण डॉक्टरांनी सांगितलं तरच. मनानं बंद करू नका.