जनुकवृक्ष आणि प्रजातीवृक्ष: डीएनएची फाटाफूट म्हणजे प्रजातीची फाटाफूट नव्हे

माणूस आणि चिंपांझी कधी वेगळे झाले? एका लेखात १ कोटी २० लाख वर्षं, दुसऱ्यात ७० लाख. वाचणारा म्हणतो, शास्त्रज्ञांचं आपसात जमत नाही. पण अनेकदा दोन्ही आकडे बरोबर असतात. फक्त ते दोन वेगळ्या घटनांचे असतात आणि लिहिणाऱ्याने एकीची तारीख दुसरीला चिकटवलेली असते. ही चूक वर्तमानपत्रांत होते, पाठ्यपुस्तकांत होते आणि जनुकसंचावर (सजीवाच्या संपूर्ण डीएनएवर) काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतही होते.

प्रजातीवृक्षाबद्दल फार सांगायला नको. कोणती प्रजाती कोणापासून केव्हा फुटली, याचं ते झाड. माणूस आणि चिंपांझी एकमेकांना सर्वात जवळचे, मग गोरिला, मग ओरांगउटान. जनुकवृक्ष हे डीएनएच्या एकाच तुकड्याचं झाड. जनुकसंचात असे तुकडे हजारोंनी असतात आणि प्रत्येकाचं झाड स्वतंत्र असू शकतं. (‘जनुक’वृक्ष म्हटलं तरी तो तुकडा जनुकच असावा लागत नाही, कोणताही पट्टा चालतो. हा मुद्दा एवढाच.)

खरी अडचण पुढे आहे. समजा, एका गावातून १९५० साली दोन वाड्या फुटल्या. आज या वाडीतलं एक आणि त्या वाडीतलं एक घर घ्या आणि त्यांचा समान पूर्वज शोधा. तो १९५० चा निघणार नाही. तो जुन्या गावात, वाडी फुटण्याच्या कितीतरी पिढ्या आधी होऊन गेलेला असेल. गाव जितकं मोठं, तितका तो मागे. डीएनएचंही हेच. माणसाचा आणि चिंपांझीचा एखादा तुकडा मागे नेत गेलो, तर दोन्ही प्रती प्रजाती फुटल्या त्या क्षणी एकत्र येत नाहीत. त्या आधीच्या समान लोकसंख्येत शिरतात आणि तिथे आणखी बराच काळ वेगवेगळ्या राहतात. सरासरी किती काळ? प्रभावी लोकसंख्येच्या (सगळी डोकी नव्हेत, पुढच्या पिढ्यांना डीएनए देणाऱ्यांची हिशोबी संख्या) दुप्पट इतक्या पिढ्या.

आता आकडे घालू. दोघांच्या डीएनएत जुळवता येणाऱ्या भागात अक्षरांचा फरक सुमारे १.२ टक्के आहे, म्हणजे प्रत्येक फांदीवर ०.६. आईवडील आणि मूल यांचे जनुकसंच थेट ताडून मोजलेला उत्परिवर्तनाचा, म्हणजे डीएनएत नवे बदल होण्याचा, वेग दर अब्ज अक्षरांमागे वर्षाला साधारण अर्धा आहे. भागाकार केला की १ कोटी २० लाख वर्षं येतात. हे वय डीएनएच्या फाटाफुटीचं. त्यातून समान पूर्वजांच्या लोकसंख्येतला काळ वजा करायला हवा. प्रभावी लोकसंख्या ५० हजार आणि पिढी २५ वर्षांची धरली, तर १ लाख पिढ्या, म्हणजे २५ लाख वर्षं. उरली ९५ लाख. लोकसंख्या १ लाख धरली तर ५० लाख वजा होतात आणि ७० लाख उरतात. चाडमध्ये २००१ साली सापडलेली साहेलान्थ्रोपस या प्राचीन वानराची कवटी सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीची मानली जाते, तिच्याशी हा आकडा जुळतो. जीवाश्मांवर बेतलेला जुना, दुप्पट वेग वापरला तर डीएनएचं वय ६० लाख येतं आणि २५ लाख वजा केले की प्रजाती फुटल्याचं वय ३५ लाख. हे अशक्य आहे, कारण ४४ लाख वर्षांपूर्वीचा आर्डिपिथेकस हा जीवाश्म आपल्या बाजूच्या फांदीवरचा मानला जातो. म्हणून ‘रेण्वीय घड्याळाने’ (डीएनएतल्या बदलांवरून) ‘ठरवलेली तारीख’ दिसली की आधी दोन गोष्टी तपासाव्यात: कोणता वेग वापरला आणि पूर्वजांच्या लोकसंख्येतला काळ वजा केला का. हे न सांगता छापलेली तारीख निरुपयोगी असते.

तारखेपर्यंत ठीक होतं. तीन प्रजाती आल्या की नात्यांचा क्रमही बिघडतो. आधी एक वाडी सुटली: गोरिला. उरलेलं गाव काही काळ एकत्र राहिलं आणि मग त्याच्या दोन वाड्या झाल्या: माणूस आणि चिंपांझी. त्या मधल्या काळात माणसाच्या आणि चिंपांझीच्या रेषा एकमेकींना भेटल्या, तर ठीक. नाही भेटल्या, तर दोन्ही मूळ गावात पोचतात. तिथे गोरिलाची रेषाही असते आणि तिघींपैकी कोणत्याही दोन आधी भेटू शकतात. म्हणजे अशा तुकड्यांत तीनांत दोन वेळा जनुकवृक्ष प्रजातीवृक्षाशी जुळणार नाही. यालाच अपुरी विभागणी म्हणतात. २०१२ साली गोरिलाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा हेच दिसलं. सुमारे ३० टक्के जनुकसंचात गोरिला माणसाला किंवा चिंपांझीला जास्त जवळचा आहे. याचा अर्थ ‘माणूस ३० टक्के गोरिला’ असा मुळीच नाही आणि प्रजातींचा क्रम चुकला असाही नाही. उलट या ३० टक्क्यांवरून तो मधला काळ काढता येतो: प्रभावी लोकसंख्या ५० हजार धरली, तर सुमारे २० लाख वर्षं.

काही तुकडे तर फारच मागे जातात. ए आणि बी रक्तगटांतला फरक माणूस आणि गिबन यांच्या समान पूर्वजांपासून टिकून आहे. त्या जागी ए गटाचा माणूस बी गटाच्या शेजाऱ्यापेक्षा ए गटाच्या गिबनला जवळचा असू शकतो.

म्हणून मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीत केंद्रकाबाहेर असणाऱ्या ऊर्जाघराच्या) डीएनएवर काढलेल्या झाडाला ‘प्राइमेट्सचा वंशवृक्ष’ म्हणू नये. ते आईकडून येतं, अखंड येतं, त्यामुळे कितीही लांब वाचलं तरी तो एकच तुकडा, एकच झाड. २०१० साली डेनिसोवा गुहेतल्या बोटाच्या हाडाच्या मायटोकॉन्ड्रियाने सांगितलं की तो मानव निअँडर्थल आणि आपण या दोघांपासूनही लांबचा. त्याच वर्षी केंद्रकातला डीएनए वाचला आणि तो निअँडर्थलचा जवळचा नातेवाईक निघाला. आपल्याकडचं उदाहरण आसाम आणि भूतानच्या सोनेरी वानराचं. मायटोकॉन्ड्रिया त्याला गावोगाव दिसणाऱ्या काळ्या तोंडाच्या वानरांच्या गटात बसवतं, केंद्रकातला डीएनए आग्नेय आशियातल्या पानखाऊ वानरांच्या गटात.

अशी विसंगती दिसली की लगेच ‘संकर झाला’ म्हणायची घाई होते. वाड्या फुटल्यावरही सोयरीक चालू राहते हे खरं, पण ते सिद्ध करावं लागतं. नुसत्या अपुऱ्या विभागणीत दोन्ही चुकीची झाडं सारख्याच प्रमाणात निघतात. एक दुसऱ्यापेक्षा ठळकपणे जास्त निघालं, तर सोयरीक. हीच डी-चाचणी. तीन प्रजाती आणि बाहेरची एक, उदाहरणार्थ लाल तोंडाचं माकड, घेऊन या दोन्ही चुकीच्या झाडांना आधार देणाऱ्या जागा मोजायच्या. जनुकसंचाचे ५० लाख अक्षरांचे गठ्ठे करून एकेक वगळत चूक काढायची. झेड (फरक त्या चुकीच्या किती पट आहे तो आकडा) ३ च्या वर गेला तरच बोलायचं. दुसरा पुरावा वयाचा. अपुऱ्या विभागणीतला विसंगत तुकडा पहिल्या फाटाफुटीपेक्षा जुना असतो, सोयरिकीने आलेला तिच्यापेक्षा तरुण.

झाडं काढताना बहुतेक चुका खिडकीच्या, म्हणजे एका झाडासाठी घेतलेल्या डीएनएच्या पट्ट्याच्या, लांबीत होतात. १ लाख अक्षरांची खिडकी घेतली तर पुनर्संयोजनामुळे (आईवडिलांकडून आलेल्या प्रतींचे तुकडे पिढीगणिक अदलाबदल होतात त्यामुळे) तिच्यात अनेक झाडं मिसळतात. २०० अक्षरांची घेतली तर माणूस आणि चिंपांझीत फरक सरासरी दोन-तीनच सापडतात आणि त्यावर क्रम ठरवणं म्हणजे नाणं उडवणं. अशी चुकीची झाडं मग अपुऱ्या विभागणीच्या खात्यात जमा होतात. १ ते ५ हजार अक्षरांच्या आणि एकमेकींपासून काही दहा हजार अक्षरं लांब असलेल्या खिडक्या घ्याव्यात. दुहेरी प्रती असलेली जनुकं गाळावीत, प्रत्येक खिडकीचं झाड आयक्यू-ट्री या संगणक-प्रणालीने काढावं आणि ती सगळी झाडं अ‍ॅस्ट्रलला, म्हणजे जनुकवृक्षांवरून प्रजातीवृक्ष काढणाऱ्या प्रणालीला, द्यावीत. सर्व तुकडे एकापुढे एक जोडून काढलेल्या झाडावर प्रत्येक फांदीला १०० चा बूटस्ट्रॅप (त्याच माहितीतून पुन्हापुन्हा नमुने काढल्यावर ती फांदी किती टक्के वेळा निघाली) दिसतो. त्या १०० वर विसंबू नये. माणूस-चिंपांझीच्या फांदीलाही १०० च मिळतात आणि तिच्याखालचे ३० टक्के विसंगत तुकडे त्यात कुठेच दिसत नाहीत. त्याऐवजी किती जनुकवृक्ष त्या फांदीशी सहमत आहेत, तो आकडा प्रत्येक फांदीवर छापावा.

आणि सगळ्या प्रजातींचे वाचन-तुकडे (यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) मानवी संदर्भ जनुकसंचावर, म्हणजे जुळवणीसाठी वापरायच्या प्रमाण प्रतीवर, बसवू नयेत. माणसाशी न जुळणारे तुकडे तिथे बसतच नाहीत, गळून पडतात. उरतात ते माणसाशी मिळतेजुळते, आणि मग डी-चाचणीत जी सोयरीक दिसते ती कधी झालेलीच नसते. संदर्भ म्हणून तुलनेबाहेरच्या प्रजातीचा जनुकसंच घ्यावा. माणूस, चिंपांझी आणि गोरिलासाठी ओरांगउटान चालतो.