प्लगचं मिसिंग की कन्व्हर्टरची थरथर?

पिकअप ताशी सत्तरच्या आसपास निवांत चाललेली असते, ॲक्सिलरेटरवर पाय हलकाच. मध्येच सीटखालून थरथर सुरू होते. दोन-तीन सेकंद गाडी रंबलरच्या पट्ट्यांवरून जात असल्यासारखं वाटतं, मग सगळं शांत. थोड्या वेळाने पुन्हा तेच. गाडी ऑटोमॅटिक असली की मालकाच्या पोटात गोळा येतो: गिअरबॉक्स गेला!

दर वेळी तो गेलेला नसतो. ही थरथर टॉर्क कन्व्हर्टरची असू शकते, तशीच इंजिनाच्या मिसिंगचीही. सीटवर बसलेल्याला दोन्ही जवळजवळ सारख्याच जाणवतात. खिशाला मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला ऑइलने भरलेला गोल डबा. आत समोरासमोर दोन पंखे. इंजिनाकडचा पंखा ऑइल फेकतो आणि त्या माऱ्याने गिअरबॉक्सकडचा फिरतो. दोन्ही कधीच अगदी एका वेगाने फिरत नाहीत, थोडी घसर राहतेच, आणि त्यात इंधन वाया जातं. म्हणून आत एक लॉक-अप क्लच बसवलेला असतो. गाडी वरच्या गिअरमध्ये एका वेगाने चालू लागली की कॉम्प्युटर तो लावतो आणि इंजिन व गिअरबॉक्स एकजीव फिरू लागतात. या क्लचचं अस्तर झिजलं किंवा ऑइल जुनं झालं, तर तो एका सेकंदात अनेकदा धरतो आणि सोडतो. गॅरेजमध्ये याला शडर म्हणतात.

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मधूनमधून जळण नीट न होणं. ठिणगी टाकणारा प्लग झिजलेला असतो, त्या प्लगला वीज देणारी कॉइल कमजोर असते किंवा इंधन फवारणारा इंजेक्टर तुंबलेला असतो. आता खरी गोम अशी, की लॉक-अप सुटलेला असताना हा झटका मधलं ऑइल बराचसा पचवून टाकतं. लॉक-अप लागला की ती उशी निघून जाते आणि झटका थेट चाकांपर्यंत पोचतो. शिवाय लॉक-अपमुळे आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, खाली येतात, तेवढ्याच वेगासाठी इंजिनावर जास्त लोड पडतो, आणि कमजोर प्लग लोडखालीच दगा देतो. म्हणजे चूक इंजिनाची, पण ती दिसते नेमकी गिअरबॉक्सने काही केल्यावर. चांगले अनुभवी मेकॅनिकही इथे फसतात.

हाताशी पैसे कमी असतील तर आधी संशय मिसिंगवर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तो चुकीचा ठरला तरी जुन्या गाडीला नवे प्लग मिळतात, नुकसान काहीच नाही. उलट बाजूने चुकलात तर गिअरबॉक्स उतरवून, उघडून परत बसवला जातो आणि थरथर जिथल्या तिथेच राहते.

फुकटातली पहिली तपासणी गिअरचा दांडा पार्कवर (पी) ठेवून करा. गाडी उभी असताना लॉक-अप लागत नाही. तेव्हाही इंजिन अडखळत असेल, तर कन्व्हर्टरला दोष देऊ नका. दुसरी तपासणी ब्रेकची: मागे कोणी नसलेला मोकळा रस्ता पाहा, थरथर चालू असताना उजवा पाय होता तसाच ठेवा आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, ब्रेक-लाइट लागेल एवढाच. बहुतेक गाड्यांत यामुळे लॉक-अप सुटतो आणि आरपीएमची सुई थोडी वर सरकते. थरथर तत्क्षणी थांबली की अनेक जण गिअरबॉक्सचं निदान पक्कं करून मोकळे होतात. पण वर सांगितलेली ऑइलची उशी आठवा; हलकं मिसिंगही त्याच क्षणी झाकलं जातं.

म्हणून तिसरी तपासणी टाळू नका. चढावर ॲक्सिलरेटर नीट दाबा. बऱ्याच गाड्यांत जास्त दाबल्यावर लॉक-अप सुटतो आणि गिअर खाली येतो. गाडी गुळगुळीत उचलली तर संशय कन्व्हर्टरवर. धक्के वाढले, गाडी अडखळत ओढू लागली, तर मिसिंगच. चेक-इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तेही बहुधा मिसिंगच, आणि तशी गाडी हाणत राहू नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा वेगळाच भाग) जळतो.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा साधा स्कॅनर उसना मिळाला तर उत्तम. पी०३०० म्हणजे एका ठरावीक सिलिंडरचं नव्हे, तर इकडेतिकडे किंवा अनेक सिलिंडरांत होणारं मिसिंग, पी०३०३ म्हणजे तिसऱ्याचं. पी०७४१ म्हणजे लॉक-अप नीट लागत नाही. कोड पी०३०३ आला तर तिसरी आणि पाचवी कॉइल अदलाबदल करा. कोड पी०३०५ झाला की कॉइल सापडली, एकही पार्ट विकत न घेता. कोड काहीच नसला तरी निर्धास्त होऊ नका. थोडंसं मिसिंग कोड न टाकताही चालू राहतं. डिझेल पिकअपला स्पार्क प्लग नसतात, तिथे इंजेक्टर तपासावे लागतात.

एवढं करूनही बोट कन्व्हर्टरकडेच गेलं, तरी गिअरबॉक्स उघडायची घाई नको, आधी ऑइल पाहा. जनरल मोटर्सच्या ८एल९० आणि ८एल४५ या आठ गिअरच्या गिअरबॉक्सचं उदाहरण बोलकं आहे. मूळ ऑइल हवेतला ओलावा शोषून घ्यायचं आणि त्यातून शडर यायचा. कंपनीने त्यावर उपाय सांगितला तो ऑइल पूर्ण बदलून वेगळ्या प्रतीचं भरण्याचा.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रतीचंच घ्या. डेक्स्रॉन, मर्कॉन, एटीएफ+४ ही एकमेकांच्या जागी चालणारी ऑइलं नव्हेत, दुकानदार काहीही म्हणो. चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं, उतरवल्यावर सहसा निम्म्याहूनही कमी ऑइल बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. जेवढं निघालं तेवढंच मोजून भरा, काही दिवस गाडी चालवा आणि पुन्हा बदला. चेंबरमधल्या चुंबकावर राखाडी, मऊ गाळ असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटांना टोचतील असे चकचकीत तुकडे सापडले आणि ऑइलला करपलेला वास असेल, तर नव्या ऑइलवर आणखी पैसे घालू नका. ते गिअरबॉक्सच्या कामासाठी राखून ठेवा.