प्रोबायोटिक जीवाणू आणि आतड्यांचा दाह

पुरेशा प्रमाणात पोटात गेल्यावर आरोग्याला लाभ पोहोचवणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांना प्रोबायोटिक म्हणतात. ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञगटाने २००१ मध्ये मांडली. लॅक्टोबॅसिलस व बायफिडोबॅक्टेरियम या गटांतील जीवाणू, एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूचा ‘निसल’ हा निरुपद्रवी वाण (उपप्रकार) आणि सॅकरोमायसीस बौलार्डी हे किण्व (यीस्ट) ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत. आंबट दुधातील जीवाणू आतड्याचे रक्षण करतात, असे जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुचवले होते. हे रक्षण नेमके कसे होते, याचा बराचसा उलगडा मात्र गेल्या तीसेक वर्षांतलाच आहे.

मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा जेमतेम एक थर असतो आणि तो दर तीन ते पाच दिवसांनी नवा होतो. त्याच्या एका अंगाला लक्षावधी कोटी जीवाणू, तर दुसऱ्या अंगाला प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मोठा साठा असतो. दोहोंमध्ये श्लेष्माचे दोन पदर असून, निरोगी माणसात आतला घट्ट पदर जवळजवळ जीवाणूविरहित असतो. हा पदर विरळ झाला किंवा पेशींमधले सांधे सैल पडले की जीवाणूंचे अंश आत झिरपतात, प्रतिकारपेशी चवताळतात आणि टीएनएफ-अल्फासारखी दाहकारक प्रथिने सुटतात. या प्रथिनांनी सांधे आणखी सैल होतात. व्रणयुक्त बृहदांत्रशोथ (मोठ्या आतड्याचा जुनाट, व्रण पाडणारा दाह) आणि क्रोन विकार (पचनमार्गात कुठेही होऊ शकणारा जुनाट दाह) यांत हे चक्र थांबतच नाही.

प्रोबायोटिक जीवाणू या चक्राला अनेक ठिकाणी अडवतात. सर्वांत साधा उपाय जागा अडवण्याचा: ते श्लेष्माला चिकटतात, लॅक्टिक आम्ल तयार करून परिसर आम्लधर्मी करतात आणि काही वाण प्रतिस्पर्धी जीवाणूंना मारणारी बॅक्टेरिओसिन नावाची प्रथिनेही सोडतात. याहून महत्त्वाचा परिणाम भिंतीवर होतो. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा वाण पी-४० व पी-७५ ही दोन प्रथिने बाहेर टाकतो. ती आतड्याच्या पेशींना मरणापासून वाचवतात आणि सांधे घट्ट ठेवतात, हे पेशीसंवर्धनात व उंदरांवर दिसून आले आहे. काही वाणांमुळे श्लेष्माची निर्मितीही वाढते.

तिसरा परिणाम प्रतिकारशक्तीवर होतो. पेशीमध्ये दाहाची आज्ञा देणारा एनएफ-कप्पा-बी हा घटक एरवी एका रोधक प्रथिनाने बांधलेला असतो. धोक्याचा संकेत मिळाला की रोधक नष्ट होतो आणि हा घटक केंद्रकात शिरतो. अनेक निरुपद्रवी जीवाणू रोधकाचा नाश होऊ देत नाहीत. शिवाय काही वाणांच्या सान्निध्यात द्रुमाकृती पेशी (फांद्यांसारख्या आकाराच्या प्रतिकारपेशी) इंटरल्युकिन-१० हे दाहशामक प्रथिन निर्माण करतात आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींची संख्या वाढते. बायफिडोबॅक्टेरिया स्वतः ब्युटिरेट हे मेदाम्ल बनवत नाहीत, पण त्यांनी सोडलेल्या ॲसिटेट व लॅक्टेटवर आतड्यातले मूळचे रहिवासी ब्युटिरेट तयार करतात, आणि ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या पेशींचे मुख्य इंधन असून दाहही शमवते. म्हणजे पाहुण्या जीवाणूंचे निम्मे काम आधीपासून तिथे असलेल्यांकडूनच होते, आणि त्यांना तंतुमय अन्न न मिळाल्यास ते तितकेसे होत नाही.

ठाणे व नवी मुंबईच्या घरांत जिवंत जीवाणू रोजच पोटात जातात, फक्त ते कोणते हे कोणाला ठाऊक नसते. मे महिन्याच्या दमट उकाड्यात विरजण लावलेले दही चार-पाच तासांत लागते आणि संध्याकाळपर्यंत आंबट होते; त्यातल्या जीवाणूंचा वाण व संख्या घराघरांत वेगळी असल्याने अशा दह्याला काटेकोर अर्थाने प्रोबायोटिक म्हणत नाहीत, ते पौष्टिक असले तरी. आंबोळी व इडलीचे पीठ आंबते, पण तव्यावर किंवा उकडपात्रात जीवाणू मरतात. शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात पिकणाऱ्या नाचणीचे पीठ रात्री भिजवून, सकाळी शिजवून केलेल्या आंबिलीचेही तेच होते, मात्र निवल्यावर वरून ताक घातले तर जिवंत जीवाणू पुन्हा येतात. तेच ताक फोडणी देऊन उकळले की कढी होते आणि जीवाणूंचा हिशेब संपतो.

औषधाच्या दुकानातला माल वेगळा. प्रतिजैविकांसोबत डॉक्टर लिहून देतात त्या बॅसिलस क्लॉसीच्या ५ मिलिलिटरच्या कुपीत सुमारे २०० कोटी बीजाणू (जीवाणूंची कणखर, सुप्त रूपे) असतात. बीजाणू उष्णता सोसतात, म्हणून त्यांना शीतकपाट लागत नाही. लॅक्टोबॅसिलसच्या अनेक पाकिटांना ते लागते, आणि ठाण्यात घेतलेले पाकीट दुपारच्या लोकलने नेरुळला नेताना बर्फाची पिशवी बरोबर ठेवण्याचा त्रास फारच थोडे जण घेतात. भारतीय नियमांनुसार प्रोबायोटिक अन्नाच्या दिवसभराच्या शिफारस केलेल्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जीवाणू असावे लागतात.

रुग्णांवरील पुरावा वाणागणिक व विकारागणिक बदलतो. व्रणयुक्त बृहदांत्रशोथ आटोक्यात आल्यावर तो उलटू नये म्हणून ३२७ रुग्णांवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निसल वाण मेसालाझीन या प्रचलित औषधाच्या तोडीचा ठरला. मोठे आतडे काढून टाकल्यावर लहान आतड्यापासून बनवलेल्या पिशवीच्या दाहात आठ वाणांचे मिश्रण उपयोगी पडल्याचे २००० साली दिसले: नऊ महिन्यांत मिश्रण घेणाऱ्या २० पैकी तिघांना, तर निष्क्रिय पूड घेणाऱ्या सर्व २० जणांना दाह उलटला. क्रोन विकारात मात्र खात्रीलायक लाभ आढळलेला नाही. तीव्र स्वादुपिंडशोथाच्या डच चाचणीत (२००८) तर प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी १६ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ६ टक्के रुग्ण दगावले. अत्यवस्थ रुग्णाला ही औषधे सरसकट देऊ नयेत, हा धडा तिथूनच मिळाला.

शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा वजनातील घट असताना दह्या-ताकावर महिने काढणे धोक्याचे आहे. आपल्याकडे आतड्यांचा क्षयरोग आढळतो आणि त्याची लक्षणे क्रोन विकाराशी इतकी मिळतात की दुर्बिणीतून घेतलेल्या ऊतीच्या तुकड्याच्या तपासणीनंतरही कधीकधी निदान अडते. शौचातील कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाची चाचणी दाह आहे की नाही एवढेच सांगते, त्याचे कारण नाही; आणि क्रोन समजून स्टेरॉइड दिल्यास क्षय बळावू शकतो.