सेल भरला हे चार्जरला कसं कळतं?

‘चार्जिंगचे सेल आणले होते, चार महिन्यांत बसले.’ मुलांची खेळणी, वायरलेस माउस, टॉर्च, बीपीचं मशीन ज्या घरात आहे, तिथे ही तक्रार हमखास ऐकू येते. तिच्या जोडीला सल्लेही येतात. नवा सेल पहिल्यांदा बारा तास चार्ज करावा, पूर्ण उतरल्याशिवाय चार्जला लावू नये, पडून असेल तर फ्रिजमध्ये ठेवावा. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या सेलना यातलं काहीही लागत नाही. खापर सेलवर फुटतं, पण माझं ठाम मत आहे की अशा बऱ्याचशा सेलचा बळी चार्जरने घेतलेला असतो. म्हणून या लेखात सेलपेक्षा चार्जरबद्दल जास्त लिहिणार आहे.

आधी सेलची ओळख. पेन्सिल सेल म्हणजे एए, आणि रिमोटमध्ये असतो तो बारीक एएए. या मापांत मिळणारे चार्जिंगचे सेल बहुतेक निकेल मेटल हायड्राइड जातीचे असतात. जपानी आणि अमेरिकी संशोधनातून ते १९८९च्या सुमारास बाजारात आले. त्यामागे स्टॅनफोर्ड ओव्हशिन्स्की या कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्या अमेरिकी संशोधकाच्या कंपनीचा मोठा वाटा होता. १९९७ साली आलेल्या टोयोटाच्या पहिल्या प्रियस या हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला याच जातीची बॅटरी होती.

या सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि साध्या अल्कलाइन सेलवर १.५. त्यामुळे ‘हे सेल कमजोर असतात’ असा समज पसरला आहे. पण अल्कलाइन सेलचा व्होल्टेज १.५ वर टिकत नाही. वापर सुरू झाल्यापासून तो सतत उतरत जातो आणि संपता संपता १ च्या खाली येतो. उपकरणं बनवणाऱ्यांना हे माहीत असतं. निकेलचा सेल मात्र शेवटपर्यंत १.२ च्या आसपास राहतो आणि मग एकदम बसतो. त्याचा अंतर्गत रोधही (करंटला सेलच्या आतून होणारा अडथळा) पुष्कळ कमी असतो, त्यामुळे कॅमेऱ्याचा फ्लॅश किंवा मोटरचं खेळणं अशा जास्त करंट ओढणाऱ्या ठिकाणी तो अल्कलाइनपेक्षा सरस ठरतो. (याच कारणाने हे सेल नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर खिशात ठेवू नयेत. टोकं जोडली गेली तर चटका बसेल इतके तापतात.)

आता खरा विषय. सेलच्या आत दोन पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने ओला केलेला पातळ पडदा असतो. धन पट्टी निकेल हायड्रॉक्साइडची. ऋण पट्टी लँथेनम, सिरियम यांसारखी दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं आणि निकेल यांच्या मिश्रधातूची. या मिश्रधातूचं काम विलक्षण आहे. तो स्वतःच्या स्फटिकाच्या फटींमध्ये हायड्रोजनचे अणू सामावून घेतो, आणि तेही इतक्या दाटीने की द्रवरूप हायड्रोजनमध्येसुद्धा ते एवढे जवळ नसतात. चार्ज करताना ऋण पट्टीजवळ पाण्याचा रेणू तुटतो, त्यातला हायड्रोजन धातूत शिरतो आणि उरलेला हायड्रॉक्सिल आयन पडद्यातून पलीकडे जातो. तिथे निकेल हायड्रॉक्साइड आपला एक हायड्रोजन सोडून देतं आणि पाणी पुन्हा तयार होतं. म्हणजे हिशेब केला तर पाणी होतं तेवढंच राहतं आणि हायड्रोजन एका पट्टीतून दुसरीत जातो. सेल वापरताना तो परत येतो.

धन पट्टीतलं सगळं निकेल हायड्रॉक्साइड बदलून झालं की सेल भरला. पण चार्जर करंट ढकलतच राहिला तर? देण्यासारखा हायड्रोजन उरलेला नसतो, म्हणून आता हायड्रॉक्सिल आयनच फुटतात आणि ऑक्सिजन वायू तयार होतो. बंद डबीत वायू तयार होणं धोक्याचं. सेल बनवणाऱ्यांनी यावर सुंदर तोड काढली आहे. ऋण पट्टीची क्षमता ते मुद्दाम धन पट्टीपेक्षा जास्त ठेवतात. त्यामुळे धन पट्टी भरली तरी ऋण पट्टीत जागा शिल्लक असते आणि तिथून हायड्रोजन वायू सुटत नाही. धन बाजूला तयार झालेला ऑक्सिजन पडद्यातून ऋण पट्टीपर्यंत पोचतो, धातूतल्या हायड्रोजनशी संयोग पावतो आणि पुन्हा पाणी होतं. करंट चालू, रसायन जिथल्या तिथे. मग आत येणारी ऊर्जा जाते कुठे? सगळीच्या सगळी उष्णतेत. १ अँपिअरने चार्ज करत असाल तर तीसेक ग्रॅमच्या सेलमध्ये जवळजवळ दीड वॅट उष्णता तयार होऊ लागते आणि सेल भराभर तापतो.

इथे चार्जरची हुशारी सुरू होते. चार्ज होताना सेलचा व्होल्टेज हळूहळू चढत १.४५-१.५ व्होल्टच्या आसपास पोचतो. सेल भरून तापू लागला की मात्र तो चढायचा थांबतो आणि थोडासा उतरतो, कारण तापलेल्या सेलचा व्होल्टेज कमी असतो. ही घसरण सुमारे ५ मिलिव्होल्टची, म्हणजे १.४८० वरून १.४७५. स्मार्ट चार्जर सेलकडे सतत लक्ष ठेवून ती पकडतो आणि करंट बंद करतो. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरली हे खालच्या माणसाला ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी पडू लागल्यावरच कळतं, तसंच हे. भरलेल्या सेलची खूण म्हणजे त्यातून सांडू लागलेली ऊर्जा.

यातून चार्जर निवडण्याचे नियम आपोआप निघतात. पहिला म्हणजे प्रत्येक सेलचा खण स्वतंत्र हवा. स्वस्त चार्जरमध्ये दोन-दोन सेल जोडीने एकाच वाटेवर असतात. त्यांतला एक आधी भरला की दुसरा भरेपर्यंत तो तापत राहतो, आणि त्याची ती पाच मिलिव्होल्टची घसरण जोडीच्या एकत्रित व्होल्टेजमध्ये हरवून जाते. सेल दोन किंवा चार या संख्येतच लावावे लागत असतील तर तो चार्जर जोडीचा समजावा. दुसरा नियम करंटचा, आणि तो ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. फार हळू चार्ज करणंही बरं नाही. २००० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलच्या क्षमतेचं माप) सेलला २०० मिलिअँपिअर दिले तर शेवटी तयार होणारी उष्णता हवेत निघून जाते, सेल पुरेसा तापत नाही आणि घसरण दिसतच नाही. अशा चार्जरला केवळ घड्याळाच्या भरवशावर थांबावं लागतं. एएसाठी ५०० ते १००० मिलिअँपिअर आणि एएएसाठी त्याच्या निम्मं, हा मध्यम मार्ग. चांगल्या चार्जरमध्ये याशिवाय तापमान बघणारा सेन्सर आणि जास्तीत जास्त वेळेची मर्यादाही असते.

‘चार सेलवर मोफत’ म्हणून येणाऱ्या कित्येक चार्जरना यातलं काहीच नसतं. ‘बारा-चौदा तास लावून ठेवा’ एवढंच वेष्टनावर लिहिलेलं असतं. हा हिशेब पूर्ण उतरलेल्या सेलचा आहे. निम्मा उरलेला सेल लावला तर तो सात तासांत भरतो आणि पुढचे सात तास नुसता तापतो. कमी करंट असेल तर सेल ते काही काळ सोसतो. करंट जास्त असेल तर ऑक्सिजन जिरण्यापेक्षा जास्त वेगाने तयार होतो, आतला दाब वाढतो आणि सुरक्षेची झडप उघडते. वायूबरोबर ओलावाही निघून जातो. हा ओलावा परत भरता येत नाही आणि सेल कायमचा कोरडा होत जातो. ‘चार महिन्यांत बसले’ यामागे अनेकदा हेच घडलेलं असतं.

पूर्ण उतरवण्याचा सल्ला कुठून आला तेही सांगतो. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या वारंवार ठरावीक तेवढ्याच वापरल्या की पुढे लवकर व्होल्टेज टाकत, त्याला मेमरी इफेक्ट म्हणत. आजच्या सेलमध्ये घरगुती वापरात तो जाणवत नाही. उलट पूर्ण उतरवणंच घातक आहे. खेळण्यात चार सेल एकापुढे एक असतात. त्यांतला सर्वांत अशक्त आधी रिकामा होतो आणि बाकीचे तीन त्याच्यातून उलट्या दिशेने करंट ढकलतात. त्याचे ध्रुव उलटतात आणि तो बिघडतो. म्हणून गाडी मंदावली की सेल काढावेत. जुना आणि नवा, किंवा वेगवेगळ्या क्षमतेचे सेल एकत्र घालू नयेत.

सेल घेताना मोठ्या आकड्याला भुलू नये. एए मापात निकेलच्या सेलची खरी मजल २५०० ते २७०० एमएएचपर्यंत जाते. त्यावर कुणी ३५०० किंवा ४६०० छापलं असेल तर तो सेल घेऊच नये. शिवाय जास्त क्षमतेचा सेल कमी आयुष्याचा असतो, कारण तेवढ्याच डबीत जास्त माल कोंबायचा तर पडदा पातळ करावा लागतो. एनेलूप या नावाच्या सेलमध्ये २००० एमएएचच्या प्रकारावर २१०० वेळा चार्ज होण्याचा दावा आहे, २५०० च्या प्रकारावर फक्त ५०० वेळा. हे नाव सान्यो कंपनीने २००५ साली आणलं आणि त्याने एक मोठी अडचण दूर केली. त्याआधीचे सेल नुसते पडून महिन्याभरात आपला पाव हिस्सा गमवायचे. नव्या मिश्रधातूमुळे आणि सुधारलेल्या पडद्यामुळे असे सेल वर्षभर पडून राहिले तरी सत्तर टक्क्यांहून अधिक भरलेले असतात. आता इतर कंपन्याही असे सेल बनवतात. वेष्टनावर ‘आधीच चार्ज केलेले’ किंवा ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ असं लिहिलेलं असतं, ते बघून घ्यावं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. धन पट्टीवर ऑक्सिजन सुटणं तापमान वाढलं की लवकर सुरू होतं. खोलीतच चाळीस अंश असतील तर सेल पूर्ण भरण्याआधीच ऊर्जा सांडू लागते. मे महिन्यात सेल पहाटे किंवा कूलरच्या वाऱ्यात चार्ज करावेत.

अलीकडे १.५ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात, काहींना यूएसबीची खाचच असते. त्यांच्या आत ३.७ व्होल्टचा सेल आणि व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट असतं. व्होल्टेज शेवटपर्यंत १.५ राहतो, म्हणून १.२ वर अडणाऱ्या उपकरणांना ते सोयीचे. पण ते निकेलच्या चार्जरमध्ये कधीही घालू नयेत. साधे अल्कलाइन सेलही नाहीत. एएच्याच मापाचा ‘१४५००’ असं लिहिलेला सेल थेट ३.७ व्होल्ट देतो, तो खेळण्यात किंवा माउसमध्ये घातला तर उपकरण जळू शकतं.

भिंतीवरच्या घड्याळाला मात्र साधाच सेल बरा. ते इतका कमी करंट घेतं की एक सेल वर्षभर पुरतो, तिथे महागाचा सेल अडकवण्यात अर्थ नाही. विजेची चिंताही नको. २००० एमएएचच्या सेलमध्ये सुमारे २.४ वॅट-तास ऊर्जा मावते. चार्जरमधली नासाडी धरली तरी एका युनिटमध्ये दीडशेहून जास्त सेल भरतात.

आणि शेवटी बसलेले सेल. त्यांत कॅडमियम नसतं, पण निकेल आणि कोबाल्ट असतं. भारतात २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतले धातू परत मिळवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सेलवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं ते यासाठीच. असे सेल सुक्या कचऱ्यात न टाकता बरणीत साठवावेत आणि ई-कचरा संकलन होतं तिथे द्यावेत.